ओरखडे पंच्याचे की धुळीचे?

प्रश्न : नाशिकच्या इंदिरानगर भागात राहणाऱ्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. त्याचा सारांश असा. गेल्या दसऱ्याला त्यांनी स्वतःच्या पगारातून पहिली गाडी घेतली, गडद निळ्या रंगाची. नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले वडील रोज सकाळी फिरून आले की जुन्या, मऊ झालेल्या सुती पंच्याने ती पुसायचे. रविवारी ताई स्वतः गाडी धुतात. वर्षभरात बॉनेटवर आणि दारांवर उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे दिसायला लागले. ‘सुती कापडाने रंग खराब होतो’ असं कुठेतरी वाचून त्यांनी मायक्रोफायबर कापडांचा स्वस्तातला गठ्ठा मागवला आणि पंचा बंद करायला लावला. बाबा तेव्हापासून गाडीकडे फिरकत नाहीत. आता ऑफिसला निघण्याआधी ताईच मायक्रोफायबरने गाडी पुसतात. तरी ओरखडे वाढतातच आहेत, आणि ती कापडं दोन-तीन धुण्यांतच पाणी टिपेनाशी झाली. मैत्रीण म्हणते, दीड हजाराचा मोठा टॉवेल घे. दुकानदार म्हणतो, डबीतलं पिवळं शामी कापड घ्या. सोसायटीत गाड्या धुणारे दादा म्हणतात, पुसूच नका, उन्हात वाळू द्या. पण तसं केलं की बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग राहतात. कोणतं कापड घ्यावं आणि बाबांना कसं समजवावं, असं ताई विचारतात.

उत्तर :

ताई,

कापडाबद्दल सविस्तर लिहिते, पण त्याआधी तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी थांबते. ‘सुती कापडाने रंग खराब होतो’ हे तुम्ही धरून चाललात आणि पुढचं सगळं त्यातून आलं. पंचा गेला, नवा गठ्ठा आला, बाबा दुरावले. ओरखडे मात्र वाढतच राहिले. मग पंचा असताना आणि नसताना, दोन्ही वेळी जे सारखंच होतं ते शोधायला हवं. ते म्हणजे रोज सकाळचं कोरडं पुसणं. आधी बाबा पुसायचे, आता तुम्ही पुसता. दिवसभराची धूळ पाण्याने न काढता कापडाखाली घेऊन घासली, तर कापड कोणतंही असो, रंगावर रेघ उमटणारच.

आजच्या गाड्यांच्या रंगावर सगळ्यात वर एक पारदर्शक थर असतो. त्याला क्लिअर कोट म्हणतात. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे डोक्यावरच्या केसापेक्षाही कमी. तुम्हाला दिसतात ते ओरखडे निळ्या रंगात नाहीत, या थरात आहेत. ते गोल दिसतात, म्हणून पुष्कळांना वाटतं की हात गोल फिरवल्यामुळेच पडले. खरं तर ते सगळ्या दिशांना पडलेले असतात. उजेड ज्या रेघांवर आडवा पडतो तेवढ्याच चमकतात आणि त्या दिव्याभोवती गोलात मांडल्यासारख्या दिसतात. रात्री मोबाइलचा टॉर्च बॉनेटवर धरून हळूहळू सरकवा, ते जाळंही टॉर्चबरोबर सरकताना दिसेल. पांढऱ्या आणि चंदेरी गाड्यांवरही असे ओरखडे असतात, फक्त सहज दिसत नाहीत.

आणि नाशिकची धूळ बारीक असली तरी मऊ नाही. आपल्याकडचा काळा खडक म्हणजे बेसाल्ट. रस्त्याची खडी, क्रशरची भुकटी याच दगडाची. त्यातल्या खनिजांचा कठीणपणा स्टीलच्या चाकूच्या पात्याच्या आसपास जातो, क्लिअर कोट त्यापुढे फारच मऊ. त्यात २०२७ च्या सिंहस्थाच्या तयारीची खोदकामं, मुंबई-आग्रा महामार्गावरची अवजड वाहतूक आणि अंबड-सातपूरच्या कारखान्यांकडे जाणारे ट्रक. थंडीत याला दवाची जोड मिळते. पहाटे दव पडतं, धूळ ओली होऊन पत्र्याला चिकटते, आणि सकाळी गाडी ओलसर दिसली की वाटतं, आयतंच पाणी आहे, पुसून घेऊ. पण धूळ वाहून जायला तेवढं पाणी पुरत नाही. तिचा चिखल होतो आणि तोच आपण कापडाने पसरवतो.

म्हणून माझी पहिली सूचना कापडाची नाहीच. रोजचं पुसणं बंद करा. नुसती बसून राहिलेली धूळ आठवडाभरात रंगाचं काही बिघडवत नाही, ती घासली की बिघडवते. धुळकट गाडी घेऊन ऑफिसला जायला जिवावर येतं हे मला कळतं, विशेषतः स्वतःच्या कमाईची पहिली गाडी असेल तर. तरी हे करून बघा. काचा तेवढ्या पाणी मारून रोज पुसा. समोरचं नीट दिसलंच पाहिजे, आणि काच क्लिअर कोटपेक्षा कितीतरी कठीण असते. पक्ष्यांची घाण आणि झाडाचा चीक मात्र रविवारपर्यंत ठेवू नका, उन्हात त्यांचा डाग क्लिअर कोटमध्ये उतरतो. ओलं फडकं त्यावर पाच मिनिटं ठेवा, डाग मऊ होऊ द्या आणि मग फडक्याने उचलून घ्या.

ज्यांच्याकडे महिन्याच्या बोलीवर गाडी पुसणारे येतात त्यांनाही हेच लागू आहे. सकाळच्या दोन तासांत एका बादलीत आणि एका फडक्यावर वीस-पंचवीस गाड्या पुसायच्या असतील, तर शेवटच्या गाडीपर्यंत त्या फडक्यात किती रेती जमली असेल याचा विचार करा. त्यात त्या माणसाचा दोष नाही. आपणच त्याला रोज पुसायला सांगितलेलं असतं आणि पाणी-साहित्य पुरेसं दिलेलं नसतं. त्यांना सांगा की रोज नको, आठवड्यातून दोनदा भरपूर पाण्याने धुवा. आपल्या गाडीसाठी वेगळी बादली आणि वेगळे टॉवेल द्या. आणि पैसे कमी करू नका. काम कमी वेळा असलं तरी नीट धुण्यात वेळ जास्त जातो.

आता बाबांचं. ‘कसं समजावू’ असं तुम्ही विचारलंत, म्हणजे समजून घेण्याची गरज फक्त त्यांना आहे असं तुम्ही धरलं आहे. मला तसं वाटत नाही. तुमच्या गाडीला रोज हात लावणं ही त्यांची तुमच्याबद्दलच्या अभिमानाची रीत होती. ती तुम्ही एका ओळीच्या वाचनावरून थांबवलीत, आणि ती ओळही अर्धीच खरी होती. त्यांना तेच सांगा, की दोष पंच्याचा नव्हता, धुळीचा होता, आणि पंचा बंद झाल्यावरही मी तेच करत राहिले. मग संध्याकाळी त्यांना खाली घेऊन जा, टॉर्च त्यांच्याच हातात द्या आणि बॉनेट दाखवा. ज्यांची नोकरी सरकारी छपाईत गेली, त्यांना मायक्रॉन म्हणजे काय हे समजावून सांगावं लागणार नाही. बारीक रेघेचं महत्त्व ते तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त ओळखतात.

आणि त्यांचं काम काढून घेऊ नका, बदला. धुतलेली गाडी वाळायच्या आत कोरडी करणं एकट्याला जड जातं. एक जण टपावर असतो तोवर दुसरीकडे दारावरचं पाणी सुकून डाग पडलेले असतात. दोन माणसं असली की हा प्रश्नच उरत नाही. रविवारी तुम्ही धुवा आणि कोरडं करण्याचं काम बाबांकडे द्या, टॉवेलांची जबाबदारीही त्यांच्याकडेच असू द्या. पंचा फेकू नका. दारांच्या आतल्या कडा, बॉनेट उघडल्यावरच्या कडा, डिकीची चौकट अशा ठिकाणी तो उत्तम चालतो.

मग धुतलेल्या, स्वच्छ गाडीवर पंचा का चालत नाही? चालतो, पण कमी सुरक्षित असतो. पंच्याची वीण सपाट असते. धुऊनही एखादा कण राहिला तर त्याला आत शिरायला जागा नसते, तो कापड आणि रंग यांच्यामध्येच फिरत राहतो. मायक्रोफायबरला लव असते, कण त्या लवेत वर ओढला जातो. हे तंतू पॉलिस्टर आणि पॉलिअमाइड, म्हणजे नायलॉनच्या जातीचा धागा, एकत्र कातून नंतर उभे चिरलेले असतात. ९,००० मीटर लांबीच्या तंतूचं वजन १ ग्रॅमपेक्षाही कमी भरतं इतके ते बारीक. चिरल्यामुळे तयार झालेल्या फटींमध्ये पाणी खेचलं जातं. स्वस्त कापडांत बऱ्याचदा हे चिरण्याचं कामच नीट झालेलं नसतं. अशी कापडं हाताला मऊ लागतात, पण पाणी पुढे ढकलत राहतात.

दुकानात हे ओळखायची सोपी खूण आहे. कोरड्या तळहातावरून कापड हळू ओढा. नीट चिरलेले तंतू हाताच्या खरखरीत जागी किंचित अडकल्यासारखे लागतात. काहींना तो स्पर्श आवडत नाही, पण तोच आपल्याला हवा आहे. कापड नुसतंच सुळकन सरकलं तर शंका घ्या. पॅकेटवर ८०:२० किंवा ७०:३० असं लिहिलेलं असतं, त्यातला पहिला आकडा पॉलिस्टरचा आणि दुसरा पॉलिअमाइडचा. गाडी टिपायला ७०:३० असेल तर चांगलंच, पण ८०:२० चा नीट चिरलेला टॉवेल ७०:३० च्या वाईट टॉवेलपेक्षा केव्हाही बरा.

दुसरा आकडा जीएसएमचा, म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. घरातली धूळ पुसायला ३०० पुरे होतात. गाडी कोरडी करायला लवेचा किंवा पिळाच्या वळ्यांचा टॉवेल ५०० च्या वर असावा. यातला पिळाचा, ज्याला दुकानदार ट्विस्टेड लूप म्हणतात, तो मला सगळ्यात पसंत आहे. पाणी भरपूर घेतो आणि रंगावर अडकत नाही. चौकटीच्या विणीचा वॉफल टॉवेल ३५०-४०० जीएसएमचा असला तरी पाणी चांगलं घेतो, लवकर वाळतो, आणि काचांवर तर तोच छान. पण त्याला लव कमी, म्हणून गाडी अगदी स्वच्छ धुतली असेल तरच तो रंगावर वापरा.

जीएसएम जितका जास्त तितका टॉवेल चांगला, हे मात्र खरं नाही. ६० बाय ९० सेंटिमीटरचा ८०० जीएसएमचा टॉवेल कोरडा असतानाच ४३० ग्रॅमच्या आसपास भरतो. पाणी प्यायल्यावर तो उचलून टपावर टाकणं बाबांच्या खांद्यांना जड जाईल, आणि जड टॉवेलचं टोक हटकून जमिनीला लागतं. पॅकेटवरच्या आकड्याची खात्री घरच्या वजनकाट्यावरही करता येते. ४० बाय ४० सेंटिमीटरचं कापड ३५० जीएसएमचं असेल तर त्याचं वजन ५६ ग्रॅम हवं. तुमच्या गठ्ठ्यातलं एक नवं, न वापरलेलं कापड तोलून बघा.

तुमच्या मैत्रिणीचा दीड हजाराचा टॉवेल चांगला असेलही. पण तुमच्या आकाराच्या घरगुती गाडीला एक महागडा टॉवेल घेण्यापेक्षा ४० बाय ६० किंवा ५० बाय ८० सेंटिमीटरचे दोन मध्यम टॉवेल घ्या, ५०० ते ६०० जीएसएमचे. एक तुमच्या हातात, एक बाबांच्या. एक खाली पडला किंवा भिजून गच्च झाला तरी काम अडत नाही. घेताना कडा बघा. कडेला जाड नायलॉनचा दोरा शिवलेला असेल तर तीच कड रंगावर घासते. कड न शिवता कापलेली किंवा मऊ कापडाने मढवलेली असावी. धुण्याच्या सूचनांची पट्टी शिवलेली असेल तर ती कात्रीने काढून टाका. गडद रंगाचे टॉवेल पहिल्या धुण्यात रंग सोडतात, म्हणून वापरण्याआधी एकदा वेगळे धुऊन घ्या.

शामी कापडाबद्दल थोडक्यात. मूळचं शामी म्हणजे कमावलेलं कातडं. डबीतलं पिवळं असतं ते पीव्हीए नावाच्या कृत्रिम पदार्थाचं. ते पाणी जोरदार शोषतं, वाळलं की लाकडासारखं कडक होतं, भिजवलं की परत मऊ. पण ते अगदी सपाट असतं, त्यामुळे पंच्याचा दोष त्यातही आहे. काचांसाठी खुशाल घ्या, रंगावर नको.

सोसायटीतल्या दादांचा सल्ला एका अर्थाने बरोबर आहे, हात लावला नाही तर ओरखडाही पडत नाही. पण पाणी कोणतं आहे, हे त्यात सुटतं. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. पाणी उडून जातं, क्षार जागेवर राहतात. उन्हात तापलेल्या पत्र्यावर ते पक्के बसतात आणि फार दिवस राहिले तर क्लिअर कोटवर खूण करतात. म्हणून बोअरचं पाणी असेल तर गाडी कोरडी करावीच लागते. ताजे डाग असतील तर पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी मिसळा, सावलीत, गार पत्र्यावर ओल्या कापडाने ते मिनिटभर लावा आणि पाण्याने धुऊन टाका.

इथे सगळ्या वाचकांना कळकळीने एक सांगायचं आहे. आरओच्या यंत्रातून बाहेर पडणारं पाणी वाया जाऊ नये म्हणून पुष्कळ घरांत ते साठवून गाडीसाठी वापरतात. पाणी वाचवण्याचा विचार चांगला आहे, पण त्या पाण्यात क्षार मूळ पाण्यापेक्षाही जास्त असतात. ते फरशी पुसायला, संडास धुवायला वापरा, गाडीला नको. त्याउलट एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी आणि पावसाळ्यात गच्चीवरून पहिली घाण वाहून गेल्यावर धरलेलं पाणी यांत क्षार जवळजवळ नसतातच. सगळी गाडी बोअरच्या पाण्याने धुवा आणि शेवटची अर्धी बादली या पाण्याची ओता. नसेल तर महापालिकेच्या नळाचं, गंगापूर धरणातून येणारं पाणी वापरा, तेही बहुधा बोअरपेक्षा सौम्य असतं. उन्हाळ्यात पाणीकपात असेल तेव्हा मात्र गाडी धुळकट राहू द्या. पिण्याच्या पाण्यापुढे रंगाचं कौतुक नको.

आता रविवारची रीत. सकाळी ऊन चढण्याआधी, सावलीत आणि बॉनेट गार असताना सुरू करा. आधी नुसतं पाणी मारून धूळ वाहू द्या, घाई न करता, वरून खाली. मग गाडीच्या शाम्पूने धुवा. एक बादली शाम्पूची, दुसरी साध्या पाण्याची. हातातलं कापड दर वेळी आधी साध्या पाण्यात खळबळून घ्या, म्हणजे रेती शाम्पूत जात नाही. दारांचा खालचा भाग आणि चाकं सगळ्यात शेवटी, वेगळ्या कापडाने. शेवटचं पाणी ओतताना पाइपची तोटी काढून टाका आणि जोर न देता टपावरून पाणी सलग वाहू द्या. असं वाहिलेलं पाणी आपल्याबरोबर थेंबांनाही घेऊन जातं, आणि निम्मं टिपण्याचं काम तिथेच हलकं होतं.

टॉवेल वापरण्याआधी स्वच्छ पाण्यात बुडवून घट्ट पिळून घ्या. किंचित ओलसर टॉवेल कोरड्यापेक्षा लवकर पाणी ओढायला लागतो. तो टपावर पसरा, वरून हाताने हलकेच दाबा आणि उचला, किंवा दोन कोपरे धरून सरळ रेषेत आपल्याकडे ओढून घ्या. टॉवेलचं स्वतःचं वजन पुरतं, वर जोर देऊ नका. पाणी राहिलं असं दिसलं तर जोर वाढवण्यापेक्षा टॉवेल पिळा किंवा दुसरी बाजू घ्या. टप, मग काचा, बॉनेट, डिकी आणि शेवटी दारांचा वरचा भाग, या क्रमाने उतरा. दारांच्या निम्म्याखालचा भाग, बंपर आणि नंबर प्लेट चांगल्या टॉवेलने पुसायची नाही. तिथे धुऊनही रेती राहतेच. तुमच्या जुन्या गठ्ठ्याचा उपयोग तिथे करा. आरशांच्या आणि दारांच्या कड्यांच्या फटींतून पाणी नंतरही झिरपत राहतं. दारं एकदा उघडून लावून घ्या, म्हणजे अडकलेलं पाणी बाहेर येईल.

टॉवेल जमिनीवर पडला तर झटकून परत वापरायचा नाही. तो त्या दिवसापुरता बाजूला ठेवा. पार्किंगमधली एकच खडी त्याच्या लवेत बसली तर तुमची सगळी काळजी वाया जाते.

तुमची कापडं पाणी का टिपत नाहीत, याचा मला अंदाज आहे. ती तुम्ही मशिनमध्ये अंगाच्या टॉवेलांबरोबर टाकत असाल आणि कपडे मऊ राहावेत म्हणून कंडिशनरही घालत असाल. कंडिशनर तंतूंवर पातळ थर चढवतो, फटी बुजतात. सुती टॉवेलांची लव मायक्रोफायबरला चिकटते आणि सुटत नाही. शिवाय जड, म्हणजे क्षार जास्त असलेल्या पाण्यात पावडरचा साबण पूर्ण निघत नाही, तोही आत बसतो. फेकण्याआधी एकदा कोमट पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर घालून तासभर भिजवा, मग दोन-तीन पाण्यांनी खळबळून काढा. त्या पाण्यात ब्लीच अजिबात मिसळू नका, व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र आले की विषारी वायू तयार होतो. नंतर ताटात पाणी सांडून त्यावर कापड ठेवून बघा. पाणी ओढलं तर कापड चांगलं होतं, वापर चुकला होता. नाही ओढलं तर ते चाकांसाठी ठेवा.

पुढे हे टॉवेल वेगळेच धुवा, पातळ साबणाने, नेहमीच्या निम्म्या मापात. कडकडीत पाणी नको, ड्रायरची गरम हवा नको, इस्त्री तर नकोच. उष्णतेने तंतू आखडून कडक होतात. धुळीपासून लांब, गॅलरीच्या आतल्या बाजूला वाळत घाला आणि झाकणाच्या डब्यात ठेवा. डिकीत स्टेपनीशेजारी ठेवलेला टॉवेल स्वच्छ राहत नाही. हे कापड शेवटी प्लास्टिकचंच आहे. प्रत्येक धुण्यात त्याचे बारीक तंतू पाण्याबरोबर नाल्यात जातात आणि पुढे गोदावरीपर्यंत पोहोचू शकतात. म्हणून नुसत्या स्वच्छ पाण्याने भिजलेला टॉवेल दर वेळी मशिनमध्ये टाकायची गरज नाही, हाताने खळबळून वाळवला तरी चालतो. मळल्यावर तीन-चार एकत्र धुवा. पंधरा-वीस कापडांचे गठ्ठे घ्यायचं टाळा, तेही याचसाठी.

गाडीच्या पूजेबद्दल कुणी विचारत नाही, पण दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी अनेक गाड्यांवर नवे ओरखडे दिसतात. झेंडूच्या हाराचा दोरा किंवा तार वाऱ्याने बॉनेटवर घासत राहते, आणि वाळलेलं कुंकू आपण कोरड्या फडक्याने पुसतो. हार घालून लांब जाऊ नका. हळद-कुंकवावर आधी पाणी ओता, वाहील तेवढं वाहू द्या, मग टिपा. हळदीचा पिवळेपणा राहिला तर घासू नका, उन्हाने तो आपोआप फिका पडतो.

राहिले आत्ताचे ओरखडे. ते टॉवेलने जाणार नाहीत. मशिनने पॉलिश करून ते कमी करता येतात, पण पॉलिश म्हणजे क्लिअर कोटचा वरचा भाग घासून काढणं. तो थर मुळातच ४०-५० मायक्रॉनचा, आणि परत वाढत नाही. म्हणून आधी तीन-चार महिने ही नवी पद्धत अंगवळणी पडू द्या. नवे ओरखडे पडत नाहीत याची टॉर्च लावून खात्री करा. मगच एकदा हलकं पॉलिश करून घ्या. सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर द्यायचा संरक्षक लेप, लावलं की ओरखडे पडणारच नाहीत असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पाणी घसरतं आणि घाण लवकर निघते हे खरं, पण कोरडी धूळ घासली तर त्यावरही रेघा उमटतात. पॉलिशला गाडी देताना रंगाची जाडी मोजायचं यंत्र आहे का, सुरुवातीला आणि शेवटी जाडी दाखवणार का, आधी सौम्य पॉलिश एका छोट्या जागेवर करून बघणार का, आणि काम झाल्यावर पॉलिश कोणत्या कापडाने पुसणार, एवढं विचारा. उत्तरं समाधानकारक वाटली नाहीत, तर गाडी तशीच परत आणा.